उंबऱ्यावरून परतलेली पाहुणी

येशू, मरिया, जोसेफ

मरोळ गाव, अंधेरी
मंगळवार, २ डिसेंबर १९६९

प्रिय इव्हा,

तुला, लिओनार्डला आणि सासूबाईंना आम्हां नवरा-बायकोचा नमस्कार. कार्मेनला आणि बाबूला गोड मुका.

इसिडोर काल संध्याकाळी सामान देऊन गेला. आलेलं सगळं मी लगेच वहीत उतरवलं: कांदे दहा किलो (तीन कुजके निघाले, मनमाडच्या वाण्याला सांग), शेंगदाणे दोन किलो, गुळाची एक भेली आणि सासूबाईंची बोरं. कांद्याचे तीन रुपये, शेंगदाण्यांचे पाच, गुळाचे दोन. बोरांचे पैसे सासूबाई घेणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एक बाटली मसाला इसिडोरबरोबर पाठवतेय. इसिडोर म्हणतो, दादरला हमालाला आठ आणे दिले. रेल्वेच्या गार्डाला हमाल कशाला लागतो ते मला कळलं नाही, पण दिले. नवऱ्याचा दोस्त म्हणून तू त्याला फार लाडावून ठेवलंयस.

इकडे सगळं ठीक. फिलिपचा कारखाना नाताळात चार दिवस बंद राहणार. आपल्या जुन्या शेताच्या जागी आता आणखी एक शेड उभी राहिलीय, तिचा भोंगा सकाळी सातला वाजतो आणि आपल्या देवळाची घंटा त्याच्या खाली दबून जाते. नाताळची गोड कुलकुलं करायला घेतलीत. तुझ्या वाटची डब्यात घालून ठेवीन.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. "वीस सप्टेंबरनंतर पाहुणी फिरकली नाही." मी तिथेच ओट्यावर बसले. पोस्टमन श्यामकांत उभाच होता. म्हणाला, "बहिणीकडे पाहुण्यांची फार ये-जा असते हो." आपण कार्डावर पाळी न लिहिता पाहुणी लिहितो हे चांगलंच आहे, पण आता तो पाहुणीची चौकशी करायला लागलाय.

इव्हा, मी वही चार वेळा काढून पाहिली. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर तुझी दोन वर्षांची नोंद आहे. तू पाहुणीची तारीख कळवायचीस, मी एकमेकांपासून लांब राहायचे बंद दिवस कळवायचे. देवळातल्या बायकांच्या सभेत सिस्टरने शिकवलं होतं तसंच केलं. सगळ्यात लहान महिन्यातून अठरा वजा, सगळ्यात मोठ्यातून अकरा वजा. तुझे बंद दिवस पाळीच्या नवव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही. लिओनार्डला मी गमतीने लिहिलं होतं ना, रेल्वेच्या डॉक्टरकडे जाऊन स्वतःचं काही कापून घेऊ नकोस, माझं कॅलेंडर फुकट आहे म्हणून. तेव्हा तुम्हीच कुठेतरी दिवस चुकवला असणार. मी रागावत नाही. नवरा-बायको आहात. देवाने दिलंय, देव निभावेल.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. बाबूच्या वेळी दुसऱ्यांदा पोट फाडलं, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण तू तेव्हा भुलीत होतीस. "पिशवीची शिवण कागदासारखी पातळ झालीय. तिसरं नकोच. राहिलंच, तर कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. तारखेच्या तीन आठवडे आधी ऑपरेशन. कळांनी शिवण उसवली तर अर्ध्या तासात आई आणि मूल दोन्ही जातील." मनमाडला हे काम होणार नाही. इथेच, त्याच इस्पितळात यायचं.

मी मोजून ठेवलंय. वीस सप्टेंबरला पाहुणी, म्हणजे तारीख सत्तावीस जून. तीन आठवडे आधी म्हणजे सहा जून. तू चार जूनला इथे हजर हवीस. लिओनार्डला रेल्वेचा पास आत्ताच मागायला सांग.

त्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन आणखी काही बोलले का, असं तू मागे एकदा विचारलं होतंस आणि या कार्डात कोपऱ्यात परत विचारलंयस. नाही. आणखी काय बोलणार. त्यांना दुसरी ऑपरेशनं असतात.

जड उचलू नकोस. पाण्याचे हंडे सासूबाईंना नाही तर लिओनार्डला भरू दे. रोज संध्याकाळी रोझरीची माळ म्हण, आम्हीही इथे तुझ्यासाठी दहा मण्यांचं एक दशक जास्त म्हणतो. मोजणीची काळजी करू नकोस, ती माझ्याकडे आहे.

तुझी
बाय


येशू, मरिया, जोसेफ

मरोळ गाव
रविवार, ३ मे १९७०

प्रिय इव्हा,

सगळ्यांना नमस्कार. मुलांना मुके.

तुझं पत्र आणि लिंबांची पिशवी मिळाली. बाळाची दुपटी मी इथेच शिवतेय, फिलिपच्या जुन्या लेंग्यांची. कापड मऊ झालेलं आहे, विकत आणायची गरज नाही. तू तिकडे काही घेऊ नकोस.

ऊन कडक आहे. विहिरीचं पाणी खाली गेलंय. मरियामाऊलीचा महिना सुरू झाला, म्हणून रोज संध्याकाळी क्रूसापाशी प्रार्थना असते. गुरुवारी अंधेरीला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. क्षमाबाई म्हणून आहेत, हसऱ्या आहेत, फी जास्त घेत नाहीत. विशेष काही नव्हतं. गेले सात-आठ महिने मला मधूनच रक्त जात होतं, दोन पाळ्यांच्या मध्ये. मी म्हटलं वय झालं, बेचाळीस म्हणजे काही थोडं नाही. त्यांनी तपासलं आणि आतला एक मस्सा काढला, शेंगदाण्याएवढा. तपासायला पाठवलाय, पण भ्यायचं कारण दिसत नाही म्हणाल्या. चार दिवस झोपून राहायला सांगितलं, मी दोन दिवस राहिले. फिलिपने भात केला. तो भात तू पाहायला हवा होतास.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तूही सासूबाईंना सांगू नकोस.

आता कामाचं. मला वाटतं तू चार जूनची वाट पाहू नयेस. वीस-एकवीस मेपर्यंतच ये. एक तर जूनच्या सुरुवातीला पाऊस लागला तर मनमाडहून येताना हाल होतील. दुसरं म्हणजे फिलिपला मे अखेरीस सुट्टी मिळतेय, तो स्टेशनवर येऊ शकेल. तिसरं, माऊलीच्या महिन्यात तू इथे असलीस तर आपण दोघी मोत माऊलीच्या देवळात मेणबत्ती लावू. बाबूच्या वेळी नवस बोललो होतो तो राहिलाय.

फिलिपने हे वरचं वाचलं आणि म्हणाला, "बहिणीला बोलवायला एवढी कारणं लागतात? ये म्हण, येईल." त्याला काय कळतंय.

आणखी एक, नीट आठवून लिही. वीस सप्टेंबरची पाहुणी किती दिवस राहिली? नेहमीसारखे चार दिवस, की कमी? कापडाच्या घड्या किती लागल्या? रंग नेहमीचा होता की फिका? त्या कार्डावर तू लिहिलं होतंस, "पाहुणी आली पण उंबऱ्यावरूनच परतली." मी ते कार्ड जपून ठेवलंय. उंबऱ्यावरून म्हणजे नेमकं काय, ते लिही. कार्डावर नको, पाकिटात घाल.

आणि त्याच्या आधीची, मोत माऊलीच्या सणाच्या दोन दिवस आधी, सहा सप्टेंबरची, ती नेहमीसारखीच होती ना? तुला सणाला येता आलं नव्हतं म्हणून मला आठवतंय.

तुम्ही म्हणाल बायला वेड लागलं, आठ महिन्यांनी पाहुण्यांच्या चपला मोजतेय. म्हणा. पण लिही.

पाय सुजतात का? कपाळ दुखतं का? मूल हलतं ना?

मोजणीची काळजी करू नकोस, ती माझ्याकडे आहे.

तुझी
बाय


मरोळ गाव
मंगळवार, १२ मे १९७०

इव्हा,

हे पत्र इसिडोर घेऊन येतोय, उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. लिओनार्ड घरी असेल तर त्याला शेजारी बसव आणि दोघं मिळून वाचा. सासूबाईंना नंतर सांगा.

तुझं पाकीट काल आलं. तू लिहितेस, पास तीन जूनचाच मिळालाय, तो बदलून मागायचा तर साहेबाच्या पाया पडावं लागेल. कार्मेनला पहिलीत घालायचं आहे. फिलिपला सुट्टी आहे म्हणून काय अख्खं मनमाड हलवायचं का. तुझं खरं आहे. मी दिलेली कारणं कुणालाच पटली नसती. पावसाचं तर मलाही पटलं नव्हतं.

आणि तू लिहिलंयस: "उंबऱ्यावरून म्हणजे दोन दिवस जरासे डाग, फिके, तपकिरी. एक घडीसुद्धा भरली नाही. ओटीपोटात एका बाजूला जरा दुखलं. जुलैतही असंच झालं होतं, तेव्हा तुला विचारलं होतं ना बाय, तू म्हणालीस मोज."

हो. मी म्हणाले मोज.

आणि खाली तू गंमत म्हणून लिहिलंयस की रेल्वेच्या दवाखान्यातली सुईण म्हणते, पोट तारखेच्या मानाने मोठं आहे, जुळं असेल, मालकांना ओव्हरटाइम करायला सांगा. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. जुळं नाही गं. दिवस जास्त आहेत.

आता सांगते. क्षमाबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "मधूनच जातं म्हणता, कधीपासून?"

मी म्हटलं, "मधूनच नाही बाई, पाळीच महिन्यातून दोनदा येते."

"असं कुणी सांगितलं?"

"मीच मोजते. माझी वही आहे."

त्या हसल्या. "मॅट्रिक झालात वाटतं? बघू वही."

माझ्या पिशवीत होती, बाजार करून परत यायचं होतं म्हणून. त्यांनी मागची पानं उघडली. माझं पान कुठलं, तुझं कुठलं, त्यांना काय माहीत. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि फुल्या मारायला सुरुवात केली. "ही पाळी. ही नाही. ही पाळी. ही नाही, ही दोनच दिवसांची दिसते. ही पाळी." तुझ्या पानावर दोन फुल्या पडल्या, इव्हा. एक चोवीस जुलैला आणि एक वीस सप्टेंबरला.

मी म्हटलं, "बाई, ते पान माझं नाही."

"मग ज्या कुणाचं आहे तिला सांगा, रक्त दिसलं म्हणजे पाळी आली असं नसतं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी जसं समजले तसं लिहिते. दोन पाळ्यांच्या बरोबर मधोमध बाईच्या पोटात बीज सुटतं. काही काही बायकांना त्या वेळी एक-दोन दिवस जरासं रक्त दिसतं, फिकं नाही तर तपकिरी, आणि एका बाजूला दुखतं. तो आजार नाही. पण ती पाळीही नाही. उलट मूल राहायला सगळ्यात सोपे दिवस तेच. आणि कुणाला असं मधेच जातं ते माझ्यासारखं मस्सा असल्यामुळे, कुणाला पिशवीत गाठ असते, कुणाला पिशवीच्या तोंडाशी जखम, कुणाला त्याहून वाईट. वरून बघून बाईला कळत नाही, म्हणून मधेच गेलं की तपासून घ्यायचं, मोजत बसायचं नाही. माझ्या मस्स्याचा कागद शनिवारी आला. काही निघालं नाही. मी सुटले.

मी विचारलं, "समजा एखादीने ते मधलं रक्त पाळी धरून दिवस मोजले, तर?"

बाई हसून म्हणाल्या, "तर बंद दिवस उघडे होतील आणि बारशाला पेढे वाटायचे. शिवाय तारीखही चुकेल, दोन आठवड्यांनी." मग माझ्याकडे बघून त्यांचं हसणं थांबलं. "कितवा महिना आहे तिला?"

मी सांगितलं नाही. उठून आले. येताना वही त्यांच्या टेबलावर राहिली ती परत जाऊन आणली.

इव्हा, तुम्ही दिवस चुकवला नव्हता. डिसेंबरात मी तुम्हांला बोल लावला तो मागे घेते. जुलैत तू विचारलं होतंस, बाय, ही उंबऱ्यावरची पाहुणी धरायची की सोडायची? मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं लिहायला पाहिजे होतं. सिस्टरला विचारता आलं असतं, पण विचारायची लाज वाटली, सभेत तर बायकांना शिकवणारी मीच झाले होते. मी लिहिलं, "रक्त ते रक्त. दिसलं तो पहिला दिवस, त्यापासून आठ दिवस उघडे." जुलैत लिओनार्ड लाइनवर होता म्हणून निभावलं. सप्टेंबरात तो घरी होता आणि तुम्ही मी सांगितलं तसंच वागलात. खरी पाळी सहा सप्टेंबरची. तिच्यापासून मोजलं तर बंद दिवस चौदा ते तेवीस. मी वीस तारखेपासून दार उघडून दिलं.

म्हणजे खरी तारीख सत्तावीस जून नाही, तेरा जून आहे. संत अंतोनच्या सणाची. तीन आठवडे आधी म्हणजे तेवीस मे, येत्या शनिवारच्या पुढचा शनिवार. मी तुला चार जूनला बोलावलं होतं. चार जूनपर्यंत तू मनमाडला पाण्याचे हंडे मोजत बसली असतीस आणि कळा कुठल्याही दिवशी सुरू झाल्या असत्या. अजूनही होतील.

हे मला तीस एप्रिलला कळलं. आज बारा मे. मधले दिवस मी गप्प होते. तुला पावसाचं आणि नवसाचं लिहिलं, कारण खरं कारण लिहायचं तर माझं मोजणं चुकलं हे लिहावं लागलं असतं. आणि ते लिहिलं असतं तर तू मागचंही विचारलं असतंस. तू तीनदा विचारलंयस आणि मी तीनदा नाही म्हटलंय.

डॉक्टर बाहेर आले होते.

बाबूच्या वेळी, तू आत होतीस तेव्हा. लिओनार्ड ड्यूटीवर, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. कागदावर सही मी केली होती. मी बाकावर बसून रोझरी म्हणत होते, तिसरं दशक चाललं होतं. डॉक्टर तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाले, "मुलगा झाला, बरा आहे. पण पोट अजून उघडं आहे म्हणून विचारतोय. शिवण फार पातळ आहे. नळ्या बांधून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे, पुन्हा भीती नाही. नवरा कुठे?"

"मनमाडला."

"मग तुम्ही सांगा. लवकर सांगा."

मी म्हटलं, "आम्ही कॅथलिक आहोत, डॉक्टर. आमच्यात ते चालत नाही. आम्ही दिवस मोजतो."

ते म्हणाले, "पुढच्या वेळी ही बाई राहणार नाही, ते मोजलंत का?" आणि आत गेले.

मी माळ पुरी केली. तुला शुद्ध आल्यावर तू विचारलंस, बाय, डॉक्टर काही बोलले का. मी म्हटलं, मुलगा झाला म्हणाले. तू हसलीस. नंतर लिओनार्डनेही विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. तुझ्या पोटाबद्दल विचारलेला प्रश्न होता. त्याचं उत्तर मी दिलं आणि प्रश्नच लपवून ठेवला. मला वाटलं, विचारलंच नाही असं झालं तर तुमच्यावर पाप येणार नाही, मी आहेच मोजायला.

रविवारी कुमसाराला गेले होते, फादरपाशी पाप कबूल करायला. सगळं सांगितलं. फादर मग म्हणाले, "मला सांगितलंस ते ठीक. जिला खोटं सांगितलंस तिला कधी सांगणार?" मी म्हटलं, ती बाळंत झाल्यावर. ते म्हणाले, "आणि नाही झाली तर?" त्यांनी प्रायश्चित्त दिलं नाही. आधी पत्र टाक म्हणाले.

आता मी सांगते तसं करा. हे शेवटचं सांगणं.

पासाची वाट पाहू नका, तिकीट काढा. आण्याआण्याचा हिशेब ठेवणारी मी हे लिहितेय यावरून काय ते समजा. शुक्रवारपर्यंत निघा. लिओनार्डला रजा मिळाली नाही तर बिनपगारी घेऊ दे. कार्मेनची शाळा पळून जात नाही. सामान आणू नकोस, दुपटी इथे शिवून तयार आहेत. फिलिप दादरला येईल. आज मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माझी वही घेऊन माळ्यावर टाकली आणि परत खाली काढून दिली. म्हणाला, "तारखा लागतील डॉक्टरला."

वाटेत किंवा निघण्याआधी कळ आली, पाठ भरून आली, पोट दगडासारखं झालं, थोडं जरी रक्त गेलं, तरी मुंबईचा हट्ट सोडा. जवळ जे इस्पितळ असेल तिथे जा आणि दारातच सांगा: दोनदा पोट फाडलंय, शिवण पातळ आहे. आणि पाळीची तारीख सहा सप्टेंबर. कुणीही विचारलं तरी सहा. वीस म्हणू नकोस, इव्हा. तुझ्या तोंडात वीस बसलंय, मीच बसवलंय. लिओनार्डलाही पाठ करून घे.

आणि या वेळीही डॉक्टर बाहेर येतील आणि तेच विचारतील. त्या दारात मी उभी राहणार नाही. लिओनार्ड राहील. काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी गाडीतच ठरवा. मला विचारू नका. मला विचारलंत तर मला ते अजून पापच वाटतं, मी खोटं लिहिणार नाही. पण मी एकदा तुमच्या वतीने उत्तर दिलंय. मी त्या दिवशी कार्मेनला आणि बाबूला घेऊन घरी बसेन, त्यांना जेवायला घालीन.

तू माझ्यावर रागाव. बोलू नकोस माझ्याशी, सासूबाईंसमोर माझं नाव घेऊ नकोस, बाळाचं नाव ठेवताना मला बोलावू नकोस. फक्त इथे येऊन रागाव.

मी स्वतः निघाले असते, पण अजून दोन पावलं टाकली की रक्त जातं, बाईंनी जिना चढायला मना केलंय. तार केली असती, पण तुमच्या चाळीत तार आली की आधी रडायला सुरुवात होते, मग वाचतात. तुला त्या धक्क्याने काही झालं तर.

मोजणी आता तुझी तू ठेव. वहीतलं तुझं पान फाडून पाकिटात घातलंय, फुल्यांसकट. डॉक्टरला दाखव.

इसिडोर आठ दिवसांनी परत यायचा, त्याच्या हाती उत्तर देऊ नकोस. उलट टपाली कार्ड टाक. पाहुणीबिहुणी काही लिहू नकोस, श्यामकांतला वाचायचं तर वाचू दे. दोनच ओळी लिही: गाडी कुठल्या दिवशीची, आणि हे पत्र वाचताना मूल हललं का.

मार्सेलिना